सीझन सुरू व्हायच्या आधी आपल्या क्लबचा अंदाज कसा बांधायचा (आणि त्यात मॅनेजरला किती मार्क द्यायचे)

जुलै-ऑगस्ट आला की प्रत्येक फुटबॉल क्लबच्या फॅन्समध्ये दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते यंदा टायटल आपलंच, दुसरी म्हणते या मॅनेजरला हाकला नाहीतर खाली जाणार आपण, आणि गंमत म्हणजे दोन्ही पार्ट्या बघत असतात तेच, मागच्या सीझनची पोझिशन, एखादं मोठं सायनिंग (म्हणजे नवीन घेतलेला प्लेयर) आणि मॅनेजर प्रेस कॉन्फरन्समध्ये काय बोलला ते. या तिन्हींवरून फारसं काही कळत नाही खरं तर. अंदाज बांधायचाच असेल तर थोडी आकडेमोड करावी लागते, अवघड अजिबात नाहीये, गुणाकार-बेरीज येत असली की झालं. आणि मॅनेजरचा विषय मुद्दाम जरा उशिरा घ्यायचा, कारण तो आधी घेतला की बाकीचं सगळं आपण त्याच्या बाजूने किंवा त्याच्या विरुद्ध बसवायला लागतो.

आधी एक ठरवून टाका, अंदाज टेबलमधल्या नंबरात लिहायचा नाही, पॉइंट्समध्ये लिहायचा आणि तोही रेंजमध्ये, म्हणजे "५८ ते ६६" असा. नंबर आपल्या एकट्याच्या हातात नसतो हो, बाकीच्या १९ टीम काय करतात त्यावर असतो. प्रीमियर लीगमध्ये २००२-०३ ला वेस्ट हॅम ४२ पॉइंट करून रेलिगेट झाले होते, म्हणजे खालच्या लीगमध्ये गेले होते, आणि २०२३-२४ ला नॉटिंगहॅम फॉरेस्ट ३२ वर (तेही पेनल्टी म्हणून ४ पॉइंट कापल्यावर) आरामात वाचले. त्यामुळे "४० झाले की सेफ" वगैरे जे लोक अजून म्हणतात ते सोडून द्या.

आता मुख्य काम. मागच्या सीझनचं टेबल उघडा आणि पोझिशनकडे न बघता सरळ गोल डिफरन्सचा (मारलेले गोल वजा खाल्लेले गोल) कॉलम बघा. ३८ मॅचच्या लीगमध्ये जिचा गोल डिफरन्स शून्य आहे अशा टीमचे साधारण ५२ पॉइंट व्हायला पाहिजेत. हा ५२ कुठून आला तर ३८० मॅच असतात, त्यातल्या साधारण पाव मॅच ड्रॉ होतात, निकाल लागलेल्या मॅचचे तीन आणि ड्रॉचे दोन (दोन्ही टीमला एकेक) असे सगळे पॉइंट गोळा करून २० टीममध्ये वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला ५२ च्या आसपास येतात. मग प्रत्येक जास्तीच्या गोलमागे साधारण ०.६५ पॉइंट मिळवायचे, मायनस असेल तर वजा करायचे. जर्मनीच्या बुंडेसलिगासारखी ३४ मॅचची लीग असेल तर ५२ च्या जागी ४६-४७ पासून सुरू करा.

याने होतं काय ते बघा. २०२३-२४ ला न्यूकॅसल आणि मँचेस्टर युनायटेड दोघांचेही ६० पॉइंट झाले, सातवा आणि आठवा नंबर. टेबलवर बघणाऱ्याला वाटेल दोन्ही सेम टीम. पण न्यूकॅसलने ८५ गोल मारून ६२ खाल्ले होते, म्हणजे +२३, आणि युनायटेडने ५७ मारून ५८ खाल्ले होते, म्हणजे -१. आपल्या हिशेबाने न्यूकॅसलचे ६७ व्हायला हवे होते आणि युनायटेडचे ५१. पुढच्या सीझनला काय झालं, न्यूकॅसल ६६ वर पाचवे आणि युनायटेड ४२ वर पंधरावे! मधल्या काळात युनायटेडने एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला हरवलं म्हणून मॅनेजर टेन हागचं काँट्रॅक्ट वाढवलं आणि ऑक्टोबरमध्ये त्यालाच काढलं. तो मायनस एक मे महिन्यापासून टेबलवर सगळ्यांसमोर होता की.

उलटं उदाहरण ब्रायटनचं. २०२०-२१ ला मॅनेजर पॉटरच्या हाताखाली ४१ पॉइंट, सोळावा नंबर, लोक म्हणायचे बॉल छान फिरवतात पण उपयोग काय. गोल डिफरन्स फक्त -६ होता, म्हणजे ४८ चा माल ४१ ला गेला होता. पुढच्या वर्षी तोच मॅनेजर, ५१ पॉइंट, नववा नंबर. ज्याला एक्सजी (एक्स्पेक्टेड गोल) बघता येतं त्याने याच्यापुढे जाऊन एक्सजीचा फरकही बघावा, म्हणजे किती चांगले चान्स तयार केले आणि किती दिले, कारण गोल हे नशिबाने कमी-जास्त होतात पण चान्स बनवायची सवय टिकते. पेनल्टी वगळून बघा, आणि एका सीझनचाच आकडा धरा, पाच-सहा मॅचचा धरून नाचू नका.

हां, पण हे सुरुवातीचं टोक आहे, शेवटचं नाही. लेस्टरने २०१५-१६ ला टायटल मारलं तेव्हा ८१ पॉइंट आणि गोल डिफरन्स +३२ होता, हिशेबाने ७३ येतात, म्हणजे पुढच्या वर्षी थोडे खाली येतील एवढंच वाटलं असतं, प्रत्यक्षात ४४ वर बारावे आले आणि मॅनेजर रानिएरीला फेब्रुवारीतच घरी पाठवलं. मॅनेजर तोच, स्ट्रायकर तोच, मग बदललं काय? मिडफिल्डर कान्टे चेल्सीला गेला आणि चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा) अंगावर आली. ह्या दोन गोष्टी, कोण गेलं आणि कॅलेंडर, कुठल्याच फॉर्म्युल्यात नसतात, त्या आपण हाताने टाकायच्या.

स्क्वॉडकडे येऊ. इथे सगळे "कोण आलं" बघतात, तुम्ही आधी "कोण गेलं आणि कोण म्हातारं झालं" बघा. मागच्या सीझनला लीगमध्ये ज्यांनी सगळ्यात जास्त मिनिटं खेळली असे अकरा-बारा जण कागदावर लिहा, त्यातले किती राहिलेत ते बघा, प्रत्येकापुढे वय लिहा. मिनिटं लिहायची, नावं आठवून लिहायची नाहीत, कारण आठवणीत स्टार राहतो आणि जो गपचूप ३,००० मिनिटं खेळून गेला तो राहत नाही. युनायटेडमधलं मॅनेजर मॉयसचं २०१३-१४ आठवा. आदल्या वर्षी ८९ पॉइंटने चॅम्पियन झालेली टीम, ६४ वर सातवी आली, एप्रिलमध्ये मॉयस बाहेर. शिव्या सगळ्या मॉयसला पडल्या, त्यातल्या काही बरोबरही होत्या, पण डिफेन्समध्ये फर्डिनांड, व्हिडिच, एव्हरा तिघेही तिशी ओलांडलेले, स्कोल्स रिटायर झालेला, आणि व्हान पर्सीने आदल्या वर्षी एकट्याने २६ लीग गोल मारले होते, तसं दरवर्षी होत नसतं. आधीचा मॅनेजर फर्ग्युसन असता तरी घसरण झालीच असती, इतकी झाली नसती एवढंच.

मग बघायचं की टीमचा कणा कशावर उभा आहे आणि तो एक माणूस गेला तर बॅकअप कोण. रॉड्रीला सप्टेंबर २०२४ मध्ये गुडघ्याची इंज्युरी झाली आणि सलग चार टायटल जिंकलेली सिटी ७१ वर तिसरी आली. व्हान डाइक ऑक्टोबर २०२० मध्ये बाहेर गेला आणि चॅम्पियन लिव्हरपूल ६९ वर आलं, अॅनफिल्डवर लागोपाठ सहा लीग मॅच हरले. इंज्युरी कधी होईल ते आपल्याला कळणार नाही, मान्य, पण "हा माणूस दोन-तीन महिने नसेल तर त्याच्या जागी कोण" एवढं तर ऑगस्टमध्ये विचारता येतं. उत्तर "कोणीच नाही" असेल तर आपल्या रेंजचं खालचं टोक पाच-सहा पॉइंट खाली ओढा, वरचं टोक हलवू नका.

नवीन सायनिंगबद्दल माझं मत जरा कडू आहे. फी बघून पॉइंट वाढवणं म्हणजे शुद्ध येडेपणा. चेल्सीने २०२२-२३ च्या दोन ट्रान्सफर विंडोमध्ये (प्लेयर घ्यायच्या-विकायच्या मुदतीत) मिळून ५० कोटी पाउंडांच्या वर पैसे ओतले, त्या एका सीझनमध्ये टुखेल, पॉटर, लँपार्ड असे मॅनेजर बदलले, आणि शेवटी ४४ पॉइंट, बारावा नंबर. एक ना धड भाराभर चिंध्या. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलने फर्स्ट टीमसाठी जवळजवळ काहीच घेतलं नाही, किएसा आला तो पण फार खेळला नाही, आणि ८४ पॉइंट करून चार मॅच बाकी असतानाच टायटल घेऊन गेले. याचा अर्थ पैसे खर्च करू नये असा नाही, पैसे नेमक्या भोकावर लागले का ते बघा. प्रत्येक सायनिंगला मी तीन प्रश्न विचारतो, हा ज्या जागी खेळणार तिथे मागच्या वर्षी टीम खरंच कमी पडत होती का, हा आला कधी (प्री-सीझनला पहिल्या दिवसापासून आहे की ३१ ऑगस्टच्या रात्री पळत येऊन सही केली), आणि याने याच्याआधी पूर्ण सीझन कुठल्या लेव्हलला खेळलाय. हॉयलुंड युनायटेडला आला तेव्हा विशीचा होता, पाठीची इंज्युरी घेऊनच आला, आणि त्याचा प्रीमियर लीगमधला पहिला गोल पडला २६ डिसेंबरला. पोरगा वाईट होता असं नाही, पण त्याच्या नावावर ऑगस्टमध्येच २० गोल लिहून ठेवणाऱ्यांचं चुकलं.

आणि जो अजून आलेलाच नाही त्याला टीममध्ये धरू नका बाबांनो, बाजारात तुरी. विंडो बंद होईपर्यंत त्याच्या जागी आत्ता जो आहे त्याचंच नाव लिहा.

आता मॅनेजर. इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मॅनेजर चांगला का वाईट हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर देऊन काही हाती लागत नाही. प्रश्न असा विचारा की याला जे खेळायचंय त्यासाठी लागणारी माणसं आत्ता या स्क्वॉडमध्ये आहेत का. कोम्पनी हे याचं सगळ्यात भारी उदाहरण. बर्नलीला २०२२-२३ ला त्याने चॅम्पियनशिप (प्रीमियर लीगच्या खालची लीग) १०१ पॉइंटने जिंकून दिली, मागून पास करत करत खेळायचं, बॉल आपल्याकडे ठेवायचा. वर आल्यावर तोच खेळ, तसाच, आणि २४ पॉइंट करून खाली. त्याच माणसाला मग बायर्नने घेतलं, लोक हसले, आणि २०२४-२५ ला पहिल्याच सीझनला बुंडेसलिगा जिंकला. माणूस तोच, विचार तोच, पायात बॉल असताना समोरचा अंगावर धावून आला तरी न गडबडणारे प्लेयर एकीकडे होते आणि एकीकडे नव्हते. म्हणून तुमचा क्लब खालच्या लीगमधून प्रमोट होऊन आला असेल आणि मॅनेजर म्हणत असेल आम्ही आमची स्टाइल सोडणार नाही, तर टाळ्या वाजवा, पण रेंज खाली घ्या. २०२३-२४ ला वर आलेल्या तिन्ही टीम लगेच खाली गेल्या आणि २०२४-२५ लाही तिन्ही गेल्या, साउथहॅम्प्टन तर १२ पॉइंटवर.

हे तपासायची एक साधी पद्धत आहे. मॅनेजरच्या मागच्या दोन क्लबमधली त्याची नेहमीची टीम कागदावर फॉर्मेशनमध्ये मांडा, म्हणजे कोणाचं काम काय होतं ते लिहा, "उजवा विंगबॅक, पूर्ण साइडलाइन एकटा सांभाळतो" असं. मग त्या प्रत्येक जागी आपल्याकडचं नाव टाका. जिथे नाव टाकताना हात अडखळतो ती जागा म्हणजे भोक. अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये युनायटेडला आला ते ३-४-३ (मागे तीनच डिफेंडर, बाजूला विंगबॅक) घेऊन, आणि स्क्वॉड होता चार डिफेंडर आणि दोन विंगरवाला. हा कागद केला असता तर विंगबॅकच्या दोन्ही जागांवर हात अडखळला असता, आणि जानेवारीच्या विंडोत त्यांनी लेचेकडून डॉर्गूला घेतला तो त्याच जागेसाठी. तोपर्यंत सीझन गेला होता.

दोन-तीन जागी हात अडखळला तर पुढचा प्रश्न, हा मॅनेजर आपली सिस्टिम बदलतो का, की हट्टी आहे, आणि आहे त्या माणसांतून नवीन काही काढतो का. मला विचाराल तर मॅनेजरला खरे मार्क इथे द्यायचे असतात. कोन्तेचं २०१६ घ्या. चेल्सी आदल्या वर्षी दहावी आलेली, सीझन चार डिफेंडरने सुरू केला, सप्टेंबरमध्ये आर्सेनलकडे हाफटाइमलाच ०-३ ने मागे. दुसऱ्या हाफमध्ये त्याने फॅब्रेगासला बाहेर काढून मार्कोस अलोन्सोला आत घेतलं आणि मागे तीन केले. मॅच हरलीच. पण पुढच्या मॅचपासून उजवीकडे विंगबॅक म्हणून कोण आला तर व्हिक्टर मोझेस, जो तीन सीझन लोनवर इकडून तिकडे फिरत होता, ज्याला फॅन्स विसरून गेले होते. तिथून लागोपाठ १३ लीग मॅच जिंकले आणि ९३ पॉइंटने चॅम्पियन. लिव्हरपूलच्या स्लॉटचं पण तसंच, त्याला मिडफिल्डमध्ये खोलवर खेळणारा झुबिमेंडी हवा होता, तो नाही म्हणाला, मग त्याने ग्राव्हेनबर्खला तिथे बसवलं, जो आदल्या वर्षी धड कुठल्याच जागेचा नव्हता, आणि तो सीझनभर तिथे हलला नाही. तर तुमच्या मॅनेजरच्या इतिहासात असा एखादा "मोझेस" आहे का शोधा. एकही नसेल आणि प्रत्येक क्लबमध्ये त्याला नवीन आठ प्लेयर लागले असतील तर पहिल्या सीझनला त्याच्याकडून फार धरू नका.

नवीन मॅनेजर मध्येच आला असेल तर नव्याचे नऊ दिवस हे कायम डोक्यात ठेवा. मार्चमध्ये येऊन आठ मॅचमध्ये सहा जिंकलेला माणूस पुढच्या पूर्ण सीझनला त्याच रेटने जिंकणार नाहीये, कारण आधीच्याला काढलं तेव्हा टीम बहुतेक नशिबानेही वाईट चाललेली असते आणि ती कोणीही आला तरी थोडी वर येतेच. हे ओळखायचं कसं तर परत गोल डिफरन्स आणि एक्सजी, आधीच्या मॅनेजरच्या शेवटच्या दहा मॅच आणि नव्याच्या पहिल्या दहा मॅच, चान्सेसमध्ये फरक पडलाय का नुसत्या निकालात. चान्सेसमध्ये पडला असेल तर मात्र पुढच्या सीझनबद्दल खुशाल उत्साही व्हा, कारण आता त्याला पूर्ण प्री-सीझन मिळणार. लेव्हरकुसेनला शाबी अलोन्सो ऑक्टोबर २०२२ मध्ये आला तेव्हा टीम खालून दुसरी होती, त्या सीझनला सहावी आली, मग उन्हाळ्यात ग्रिमाल्डो, झाका, बोनिफेस, हॉफमन असे त्याच्या खेळाला लागणारे नेमके लोक आले आणि २०२३-२४ ला ९० पॉइंट, २८ विजय, ६ ड्रॉ, हार शून्य. मॅनेजरचा दुसरा सीझन हा बघण्यासारखा असतो तो यासाठी.

बाकी मॅनेजरबद्दल दोन-तीन गोष्टी पटकन बघून घ्यायच्या. सेट पीसचा (कॉर्नर, फ्री किक वगैरेचा) वेगळा कोच आहे का, आर्सेनलने २०२१ मध्ये जोव्हरला आणल्यापासून कॉर्नरवरून किती गोल काढले ते आख्ख्या जगाने बघितलंय, आणि हे असे गोल आहेत की ज्यासाठी नवीन प्लेयर घ्यावा लागत नाही. असिस्टंट सोडून गेलाय का. आणि मालकाशी जमतंय का. हे शेवटचं लोक गॉसिप म्हणून सोडून देतात पण नुनोचं बघा ना, फॉरेस्टला २०२४-२५ ला ६५ पॉइंट आणि सातवा नंबर काढून दिला, ऑगस्ट २०२५ मध्ये मालकाशी संबंध आधीसारखे राहिले नाहीत असं स्वतः पत्रकारांसमोर बोलला, आणि नव्या सीझनच्या तीन लीग मॅच होतात न होतात तोच नारळ मिळाला. ज्या मॅनेजरच्या नावाने तुम्ही अंदाज बांधताय तो ऑक्टोबरमध्ये असणार का, हा पण अंदाजाचाच भाग आहे.

कॅलेंडरला लोक फार कमी वजन देतात. युरोपचं तिकीट (चॅम्पियन्स लीगसारख्या युरोपियन स्पर्धेत जागा) मिळालं की पार्टी होते, होऊदे, पण पातळ स्क्वॉडला ते तिकीट महागात पडतं. न्यूकॅसल २०२२-२३ ला चौथे, ७१ पॉइंट, मग २० वर्षांनी चॅम्पियन्स लीग खेळले, इंज्युरींची रांग लागली, मिडफिल्डर टोनालीवर दहा महिन्यांची बॅन आली आणि ६० वर सातवे. पुढच्या वर्षी युरोप नव्हतं तर परत ६६. वेस्ट हॅम २०२२-२३ ला कॉन्फरन्स लीग जिंकले आणि लीगमध्ये ४० पॉइंट करून चौदावे आले (मला वाटतं त्यांच्या फॅन्सना हा सौदा शंभरदा मान्य असेल, ते वेगळं). आणि लेस्टर २०१५-१६, कोन्तेची चेल्सी २०१६-१७, दोघेही टायटलच्या वर्षी युरोपात नव्हते, आठवडाभर ट्रेनिंग आणि मग मॅच. आता तर चॅम्पियन्स लीगचा पहिला टप्पाच आठ मॅचचा आहे. तर करायचं काय, तुमचे लीगमध्ये पहिल्या अकरात खेळायच्या लेव्हलचे प्लेयर मोजा, गोलकीपर सोडून १६-१७ असतील तर युरोपचे पॉइंट कापू नका, १३-१४ असतील तर पाचेक पॉइंट कापा. आफ्रिका कप (देशांची स्पर्धा, त्यासाठी प्लेयर क्लब सोडून जातात) त्या सीझनला आहे का आणि आपले किती जण जाणार तेही बघून ठेवा. पहिल्या सहा फिक्स्चरवरून मात्र घाबरू नका, शेवटी सगळ्यांना सगळ्यांशीच दोनदा खेळायचंय, कठीण सुरुवातीने फक्त मॅनेजरची खुर्ची लवकर तापते.

पैशाच्या नियमांचं एक, क्लबवर जुन्या खर्चाची चौकशी चालू आहे का ते बघा. एव्हर्टनचे २०२३-२४ ला आधी १० पॉइंट कापले, अपिलात ६ केले, मग परत २ कापले, मैदानावर मॅनेजर काहीही करो.

प्री-सीझनच्या निकालांना शून्य वजन. व्हान खालच्या युनायटेडने २०१४ च्या टूरवर एलए गॅलक्सीला ७-० मारलं, प्री-सीझन स्पर्धेच्या फायनलमध्ये लिव्हरपूलला ३-१ ने हरवलं, सगळीकडे नुसता जल्लोष, आणि लीगच्या पहिल्या दिवशी घरच्या मैदानावर स्वान्सीकडून १-२, वर ऑगस्टमध्येच लीग कपमध्ये तिसऱ्या डिव्हिजनच्या एमके डॉन्सकडून ०-४. प्री-सीझनमध्ये बघायचं ते स्कोअर सोडून, कोण कुठल्या जागी खेळतोय, मॅनेजर पहिल्या हाफला कोणाला एकत्र ठेवतोय, आणि कोणाला एकदाही संधी दिली नाही.

आता हे सगळं एका टीमवर लावून दाखवतो म्हणजे हात बसेल, ऑगस्ट २०२३ मधली युनायटेड घेऊ. मागचा सीझन तिसरा नंबर, ७५ पॉइंट, टेन हागचं पहिलं वर्ष, लीग कप पण मिळालेला, म्हणजे फॅन्सचा मूड एकदम टॉपला. गोल डिफरन्स +१५. ५२ मध्ये १५ गुणिले ०.६५ मिळवले की ६२ येतात. इथे कोणीतरी म्हणणारच की लिव्हरपूलने ७-० मारलं, सिटीने ६-३, ब्रेंटफर्डने ४-०, त्या तीन मॅचने डिफरन्स खराब केला, बाकी टीम मस्त होती. रास्त मुद्दा आहे, म्हणून मारलेले गोल वेगळे बघा, फक्त ५८. पाचव्या आलेल्या लिव्हरपूलने ७५ मारले होते आणि सहाव्या ब्रायटनने ७२. म्हणजे मोठ्या हारी काढून टाकल्या तरी गोल मारण्यात टीम वरच्या लोकांच्या मागेच होती आणि बरेच विजय एका गोलाचे होते. म्हणून ६२ ला फार तर एक-दोन मिळवू, ६४ धरू. सायनिंग बघा, ओनाना गोलमध्ये (खेळायची पद्धतच बदलणार, म्हणजे सुरुवातीला चुका होणार), माउंट, ज्याची जागा नक्की कुठली ते कळत नव्हतं, आणि हॉयलुंड, ज्याचं वर बोललोच. गोल मारायचा प्रॉब्लेम सुटला का, लगेच तरी नाही, त्यामुळे मिळवायचे शून्य. कॅलेंडर, युरोपा लीगच्या जागी चॅम्पियन्स लीग, थोडं जड, वजा एक-दोन. कणा म्हणजे कॅसेमिरो, तिशी ओलांडलेला, त्याच्यासारखा दुसरा नाही, म्हणून खालचं टोक अजून खाली. रेंज आली ५७ ते ६७. ऑगस्टमध्ये हे बोलला असता तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. आले ६०.

सीझन सुरू झाल्यावर हा कागद फेकायचा नाही आणि दर शनिवारी बदलायचाही नाही. आर्सेनल २०२१-२२ ला पहिल्या तीन मॅच हरलं, एकही गोल न मारता, सिटीकडून तर ०-५, टेबलमध्ये सगळ्यात खाली, आर्टेटाला काढा म्हणून बोंब. शेवटी ६९ पॉइंट, आदल्या वर्षीपेक्षा ८ जास्त, आणि त्यानंतर सलग तीन वर्षं दुसरे. दहाएक मॅच झाल्या की मगच हिशेब काढा, आणि तो पण साध्या टेबलवरून नको, कारण कोणाच्या पहिल्या दहा मॅच सोप्या असतात कोणाच्या अवघड. प्रत्येक मॅचसमोर मागच्या सीझनच्या त्याच फिक्स्चरचा निकाल लिहा, होम असेल तर होम, अवे असेल तर अवे. प्रमोट झालेल्या टीमसाठी जुना निकाल नसतो, तिथे खाली गेलेल्या टीमचा घ्या, खालच्या लीगचा चॅम्पियन आला असेल त्याच्या जागी अठराव्याचा, दुसऱ्याच्या जागी एकोणिसाव्याचा आणि प्लेऑफवाल्याच्या जागी शेवटच्याचा. दोन्ही कॉलमची बेरीज करा. मागच्या वर्षीपेक्षा चार-पाच पॉइंटचा फरक पडला असेल आणि चान्सेसही त्याच बाजूला झुकत असतील तरच रेंज हलवायची, आणि हलवायची तीही दोन्ही टोकांनी तेवढीच. त्याच्या पुढची तपासणी जानेवारीची विंडो बंद झाल्यावर, तेव्हा स्क्वॉडचा कागद परत पहिल्यापासून करा.